न गोठणारा द्रव

'पदार्थाच्या अवस्था तीन : घन, द्रव आणि वायू.' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. बर्फ, पाणी, वाफ ही ठरलेली उदाहरणे द्यायची, मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, असा शिरस्ता. यंदा संपादक मंडळाने या निवृत्त माणसाकडे 'काहीतरी शास्त्रीय, पण कळेल असे' मागितले, तेव्हा मला हेच वाक्य आठवले. आणि ते ऐकून उभा राहिलेला एक मुलगाही आठवला.

१९८६ सालची गोष्ट. पी. यू. सी. च्या पहिल्या वर्षाचा वर्ग. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि अंगात आत्मविश्वास भरपूर होता. "कोणताही द्रव पुरेसा थंड केला की तो गोठतोच," असे मी ठासून सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. जमखंडीकडचा, कानडी माध्यमातून आलेला, मराठी अडखळत बोलणारा. "सर, हेलियम गोठत नाही म्हणे." वर्गात खसखस पिकली. तास संपायला पाच मिनिटे उरली होती आणि भाग पुरा करायचा होता. "गोठते. सगळेच गोठते. बस खाली," मी म्हणालो. तो बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा काही विचारले नाही.

आठवडाभराने ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना एका पुस्तकात हेलियमचे पान उघडले. मुलाचे बरोबर होते. गंमत अशी की एम. एस्सी. ला हा भाग मी स्वतः अभ्यासला होता, त्यावर प्रश्नही सोडवला होता. पण ते ज्ञान परीक्षेच्या कप्प्यात पडून होते आणि 'अवस्था तीन' हे शाळेच्या कप्प्यात. दोन्हींची गाठ कधी पडली नव्हती. चूक कळल्यावर पुढच्या तासाला वर्गापुढे कबूल करायला हवी होती. ती मी केली नाही. आज सविस्तर करतो आहे.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढतो. तीन अवस्थांपुढे चौथी म्हणून हल्ली शाळेतही प्लाझ्माचे नाव घेतात. वायू इतका तापवला की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि विद्युत्भारित कणांची ही जी गर्दी बनते ती प्लाझ्मा. सूर्य प्लाझ्माचा आहे, आकाशातल्या विजेचा लोळ प्लाझ्माचा आहे, घरच्या ट्यूबलाइटमध्येही तोच. विश्वातील दृश्य पदार्थांपैकी बहुतांश याच अवस्थेत आहे, तेव्हा त्याला चौथा क्रमांक देणे हा त्याच्यावर थोडा अन्यायच. पण प्लाझ्मा समजायला नवी दृष्टी लागत नाही. तापवले, फुटले, एवढे पुरते. खरी नवलाई उलट्या टोकाला, थंडीच्या टोकाला आहे, आणि तिकडची वाट हेलियममधून जाते.

या हेलियमच्या जन्मकथेत आपला मुलूख आहे, हे मला फार उशिरा कळले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहण्याची ही पहिलीच संधी होती. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला उतरला होता. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल हा लष्करी इंजिनियर, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, आपले उपकरण घेऊन आला होता जमखंडीला! त्या वेळी ते पटवर्धनांचे संस्थान. आज बागलकोट जिल्ह्यातला तालुका. ऑगस्ट महिना, आभाळ ढगाळ. ढगांच्या फटीतून मिळालेल्या थोडक्या वेळात हर्शेलला तीन तेजस्वी रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमच्या 'डी' रेषेच्या जागी आहे असे मानले; उपकरणाच्या कुवतीप्रमाणे ते मानणे वाजवीच होते. पुढे २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहण्यात यश मिळवले आणि ती रेषा सोडियमची नाही, किंचित बाजूला सरकलेली, निराळीच आहे हे निश्चित केले. पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून या अज्ञात द्रव्याला 'हेलियम' म्हणू लागले. पृथ्वीवर ते हाती आले तब्बल २७ वर्षांनी. १८९५ साली लंडनमध्ये रॅम्झेला युरेनियमच्या एका खनिजातून.

जाता जाता सांगतो. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८६८ साली लॉकियरने तेथून हेलियम शोधले असे सांगतात. लॉकियर विजयदुर्गास आला होता हे खरे, पण ते १८९८ च्या जानेवारीतील ग्रहणाला. १८६८ साली तो इंग्लंडमध्येच होता. एकाच माणसाच्या दोन ग्रहणांची लोकांनी गाठ मारून टाकली आहे.

म्हणजे नारिंगी रेषा हर्शेलच्या डोळ्यांसमोर होती, पण ती नवी आहे हे ओळखता आले नाही. हेलियमच्या बाबतीत हाच प्रकार पुन्हा एकदा, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हवा, ऑक्सिजन, हायड्रोजन असे सगळे वायू द्रवरूप झाले होते. एकटे हेलियम दाद देत नव्हते. हॉलंडमध्ये लायडन येथे कामर्लिंग ओनेस या प्राध्यापकाने त्यासाठी कारखान्यासारखी प्रयोगशाळा उभारली. १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून काम चालले. संध्याकाळ झाली तरी पात्रात काही दिसेना. अखेर पात्रावर खालून उजेड टाकला, तेव्हा द्रवाचा पृष्ठभाग सुरीच्या धारेसारखा चमकला. सुमारे ६० घनसेंटिमीटर द्रव हेलियम तयार होऊन बसले होते आणि कुणाला दिसत नव्हते! त्याचे तपमान ४·२ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियस. केवल शून्य, म्हणजे ज्याच्या खाली तपमान जाऊच शकत नाही ते टोक, तेथून अवघे चार अंश दूर.

ओनेस तिथे थांबला नाही. त्याच रात्री द्रवावरील वाफ पंपाने ओढून त्याने तो आणखी थंड केला. उद्देश एकच : हेलियम गोठवायचे. गोठेना. पुढे १९२२ पर्यंत तो ०·८३ केल्व्हिनपर्यंत पोहोचला, तरी गोठेना. म्हणजे १९८६ साली मी ज्या समजुतीने मुलाला खाली बसवले, तीच समजूत या थोर शास्त्रज्ञाची होती. फरक इतकाच की त्याने ती पडताळून पाहण्यात आयुष्य घालवले. त्याच्या शिष्याने, केसोमने, १९२६ साली हेलियम गोठवले खरे, पण त्यासाठी सुमारे २५ वातावरणांइतका दाब द्यावा लागला. नुसत्या थंडीने ते काम होत नाही.

आणि या सगळ्या वर्षांत पात्रातला द्रव २·१७ केल्व्हिनच्या खाली गेला, की त्याच्या अंगी जगातल्या कोणत्याही द्रवात नसलेले गुण येत होते. ओनेसच्या समोर ते १९०८ च्या त्या रात्रीच असणार. लक्षात यायला ३० वर्षे गेली.

एक खूण तर उघड्या डोळ्यांना दिसणारी होती. पंपाने वाफ ओढली की द्रव हेलियम खळखळा उकळते. २·१७ केल्व्हिनला ही खळखळ एका क्षणात थांबते आणि द्रव काचेसारखा निश्चल होतो. बाष्पीभवन चालूच असते, फक्त बुडबुडे येत नाहीत. १९३२ साली टोरांटोच्या मॅक्लेननने हे प्रथम नोंदवले. कारण पुढे उलगडले : बुडबुडा होण्यासाठी द्रवाच्या पोटात एखादी जागा शेजारपेक्षा जास्त तापावी लागते, आणि हे हेलियम तशी जागा शिल्लकच ठेवत नाही. उष्णता तेथून इतक्या झपाट्याने निघून जाते की तांब्यासारखा धातूही याच्यापुढे शेकडो पटींनी मागे पडतो. केसोमने आपल्या मुलीसह केलेल्या मोजणीत याच तपमानाला विशिष्ट उष्णतेचा आलेख ग्रीक 'लॅम्डा' अक्षरासारखा टोकदार उसळलेला आढळला. म्हणून या तपमानाला लॅम्डा बिंदू म्हणतात; त्याच्या वरचे ते हेलियम-एक, खालचे हेलियम-दोन.

मग ८ जानेवारी १९३८ चा 'नेचर' साप्ताहिकाचा अंक आला. त्यात दोन छोटी टिपणे लागोपाठ छापलेली होती. एक मॉस्कोच्या प्योतर कापित्साचे, दुसरे केंब्रिजच्या ॲलन आणि मायझनर यांचे. दोघांचे म्हणणे एकच : हेलियम-दोन अतिशय अरुंद फटीतून वा केसाहून बारीक नळीतून वाहू दिले, तर त्याला काही अडथळाच होत नाही. मध सावकाश ओघळतो, पाणी चटकन वाहते. या सावकाशीच्या गुणाला आपण श्यानता म्हणतो. हेलियम-दोनची श्यानता मोजायला गेले तर मोजण्याजोगी उरतच नाही. कापित्साने या अवस्थेला नाव दिले ते आपल्या परिभाषेत 'अतिद्रायुता' असे आले आहे. शब्द जिभेला जड आहे. मी 'अतिप्रवाही' म्हणतो.

या दोन टिपणांमागे एक कडू कथा आहे. कापित्सा मूळचा रशियन, पण केंब्रिजला स्थायिक झालेला. हेलियम द्रवरूप करण्याचे उत्तम यंत्र त्याने तिथेच बांधले. १९३४ साली तो मायदेशी भेटीला गेला आणि सोव्हिएत सरकारने त्याला परत जाऊ दिले नाही. मॉस्कोत त्याला नव्याने प्रयोगशाळा थाटावी लागली. इकडे केंब्रिजला त्याच्याच जागेत, त्याच्याच यंत्रातील हेलियम वापरून ॲलन-मायझनर काम करीत होते. ४० वर्षांनी, १९७८ साली, या शोधाचे नोबेल पारितोषिक एकट्या कापित्साला मिळाले. ॲलन-मायझनर यांचे नाव त्यात नाही. हे मला आजही बरोबर वाटत नाही.

आता या द्रवाचे चाळे ऐका. काचेचे एक छोटे पेले हेलियम-दोनने भरून अधांतरी टांगून ठेवा. थोड्या वेळाने पेल्याच्या बुडाखाली थेंब लोंबताना दिसतो, तो पडतो, दुसरा येतो, आणि पेले आपोआप रिकामे होते. पेल्याला चीर नसते. हेलियम आतल्या भिंतीवरून वर चढते, काठ ओलांडते आणि बाहेरून खाली उतरते. सुमारे एका मिलिमीटरच्या तीस हजाराव्या भागाइतका पातळ थर भिंतीला धरून असा प्रवास करतो. तसे पाहिले तर पातळ थर पाण्याचाही भिंतीवर धरतो, पण श्यानतेमुळे तो जागचा हलत नाही. इथे धरून ठेवणारे काही नाही, म्हणून सबंध पेले त्या थरातून वाहून जाते.

दुसरा चाळा कारंज्याचा. बारीक पूड घट्ट ठासलेली नळी हेलियम-दोनमध्ये बुडवायची, वरचे तोंड निमुळते ठेवायचे आणि पुडीवर नुसत्या हातबॅटरीचा उजेड टाकायचा. त्या उजेडाची ऊब पुरते. नळीच्या तोंडातून हेलियमचे कारंजे उडू लागते. ॲलन आणि जोन्स यांनी हे १९३८ सालीच पाहिले. जिथे ऊब, तिकडे हा द्रव धाव घेतो. सामान्य व्यवहाराच्या अगदी उलट.

हे असे का? त्यासाठी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. पहिला, गोठत का नाही. आपली कल्पना अशी की केवल शून्याला अणूंची सगळी हालचाल थांबते. पुंज सिद्धांत सांगतो की तसे होत नाही. अणू एका जागी जितका कोंडावा तितका तो जास्त चुळबुळतो, आणि ही चुळबुळ थंडीने काढून घेता येत नाही. अणू जितका हलका तितकी ती मोठी. हेलियमचा अणू हलका आहे, शिवाय हेलियमच्या अणूंमध्ये परस्परांविषयी ओढ अत्यंत कमी. घनरूपात एकेका अणूला आपल्या जागी बसवून ठेवण्याइतका जोर त्या ओढीत नसतो. म्हणून बाहेरून दाब द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न, अडथळ्याशिवाय वाहते का. याचे उत्तर ढाक्क्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकाकडून सुरू होते. सत्येंद्रनाथ बोस १९२४ साली ३० वर्षांचे होते. प्रकाशकण मोजण्याची निराळी रीत मांडणारा आपला निबंध त्यांनी आइन्स्टाइनला पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून छापवला. रीत काय? समजा, राम आणि कृष्णा ही दोन मुले दोन खोल्यांत राहणार आहेत. व्यवस्था चार : दोघे पहिलीत, दोघे दुसरीत, राम पहिलीत व कृष्णा दुसरीत, किंवा उलट. चारांपैकी दोनदा ते एकत्र येतात. आता मुलांच्या जागी दोन रुपये घ्या आणि खोल्यांच्या जागी पोस्टातली दोन बचत खाती. 'हा रुपया या खात्यात आणि तो त्या खात्यात' याला काही अर्थ आहे काय? पासबुकात 'हा' आणि 'तो' नसतोच. दोन्ही खात्यांत एकेक रुपया, ही एकच व्यवस्था. म्हणजे चार नव्हे, तीन व्यवस्था; आणि तिनांपैकी दोनदा रुपये एकत्र. नाव काढून घेतल्याबरोबर एकत्र येण्याचे प्रमाण वाढले! कणांत नुसते साम्य असते असे नव्हे, त्यांना स्वतःची ओळखच नसते, हे या मोजणीचे मर्म आहे. वर्गात शिकवताना मी येथे नेहमी थांबत असे, कारण अर्धा वर्ग हसत असे आणि उरलेल्या अर्ध्याला ही चलाखी वाटे. ती चलाखी नाही. निसर्ग असेच मोजतो.

आइन्स्टाइनने ही रीत अणूंना लावली आणि १९२५ साली दाखवले की पुरेशी थंडी असेल तर असे अणू मोठ्या संख्येने सर्वांत खालच्या एकाच स्थितीत गोळा होतील. ज्या कणांना ही मोजणी लागू पडते त्यांना बोस यांच्या नावावरून 'बोसॉन' म्हणतात. साध्या हेलियमच्या अणूत दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, दोन इलेक्ट्रॉन. एकूण सहा, सम संख्या. म्हणून तो बोसॉन. १९३८ साली, 'नेचर'मधील टिपणांनंतर काही महिन्यांतच, पॅरिसला आश्रय घेतलेल्या फ्रिट्झ लंडनने सुचवले की हेलियम-दोनमध्ये दिसते आहे ते हेच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉस्कोत कापित्साचा सहकारी लेव लांडाऊ याला गुप्त पोलिसांनी अटक केली. वर्षभर तो तुरुंगात होता आणि खंगत चालला होता. कापित्साने वरिष्ठांना पत्रे लिहिली. १९३९ च्या एप्रिलमध्ये मोलोटोव्हला लिहिलेल्या पत्रात त्याने मुद्दा मांडला तो दयेचा नव्हे, हेलियमचा : केवल शून्याजवळ मला जे आढळले आहे त्याची उपपत्ती लावायला हा माणूस हवा. स्वतःच्या हमीवर त्याने लांडाऊला सोडवून आणले. १९४१ साली लांडाऊने ती उपपत्ती दिली. १९६२ साली तिच्यासाठी त्याला नोबेल मिळाले.

लांडाऊचा युक्तिवाद मला फार आवडतो. वाहता द्रव मंदावतो म्हणजे भिंत त्याच्याकडून थोडी थोडी ऊर्जा वसूल करते. आपल्या बसमधल्या कंडक्टरसारखे समजा. साध्या द्रवात सुटे पैसे भरपूर. भिंत कितीही बारीक रक्कम कापून घेऊ शकते. हेलियम-दोनमध्ये मात्र अणू सुटे सुटे धक्के खात नाहीत. सबंध द्रवात हालचाल उठवायची, तर तिची किमान किंमत ठरलेली. प्रवाह मंद असेल तर ती किंमत त्याच्याकडून वसूल होऊच शकत नाही. सुटे नाहीत, म्हणून तिकीट नाही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की मात्र वसुली सुरू होते आणि अतिप्रवाहिता मोडते.

लांडाऊने बोस यांच्या मोजणीचा आधार घेतला नाही, आणि लंडनला लांडाऊचे पटले नाही. दोघांच्या हाती सत्याचा एकेक तुकडा होता. १९४७ साली बोगोल्युबोव्हने ते जोडण्याची वाट दाखवली. एक बारकावा इथे नोंदवतो, कारण पुस्तकांत तो अनेकदा निसटतो. केवल शून्याजवळ सगळे हेलियम अतिप्रवाही असते, पण त्यातले एका स्थितीत गोळा झालेले अणू शंभरांत दहाहून कमीच असतात. उरलेले त्यांच्याशी बांधलेले असल्यामुळे बरोबर वाहतात.

लॅम्डा बिंदूच्या जरा खाली तर हेलियम दोन द्रवांच्या मिश्रणासारखे वागते. एक भाग साधा, दुसरा अतिप्रवाही. टिस्झाने ही कल्पना मांडली, लांडाऊने घडवली. त्यामुळे जुना एक गोंधळ मिटला : तबकडी हेलियममध्ये हेलकावत ठेवली तर श्यानता दिसे, बारीक नळीत ती दिसत नसे. तबकडीला साधा भाग अडवतो. नळीतून फक्त अतिप्रवाही भाग निसटतो. कारंज्याचेही कोडे सुटते, कारण ऊब लागते तिथे अतिप्रवाही भाग कमी होतो आणि तो भरून काढायला आणखी भाग धावत येतो. १९४६ साली मॉस्कोत अँड्रोनिकाश्विलीने पातळ तबकड्यांची चळत हेलियममध्ये हेलकावून दोन्ही भागांचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले. तपमान उतरेल तसतसा तबकड्यांबरोबर ओढला जाणारा भाग घटत गेला. मात्र पाणी आणि दूध वेगळे करावे तसे हे दोन भाग वेगळे करून दाखवता येत नाहीत. अणू तेच आहेत.

चहा ढवळला की मध्ये एक खळगा पडतो आणि सगळा चहा फिरतो. अतिप्रवाही हेलियमचे भांडे हळू फिरवले तर द्रव जागचा हलत नाही, भांडे एकटे फिरते. वेग वाढवला तर द्रवात एक बारीक भोवरा उमटतो, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक भोवऱ्याचे बळ तंतोतंत सारखे. अर्धा भोवरा नसतो. ओन्सागर आणि फाइनमन यांनी हे कागदावर सांगितले होते. १९७९ साली बर्कलेला या भोवऱ्यांची छायाचित्रे घेतली गेली. काळ्या पार्श्वभूमीवर रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी ती दिसतात. जे नियम एका अणूच्या पोटात चालतात, ते इथे हातात धरता येईल एवढ्या भांड्यात चाललेले असतात. या साऱ्या विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

पुढची हकिगत थोडक्यात. हेलियमचा एक दुर्मिळ भाऊ आहे, हेलियम-तीन. त्याच्या अणूत कण पाच, विषम, म्हणून तो बोसॉन नाही. पण त्याच्या अणूंनी जोड्या केल्या तर जोडी सम होते! १९७२ साली कॉर्नेल विद्यापीठात तोही अतिप्रवाही आढळला, एका अंशाच्या सुमारे चारशेव्या भागाइतक्या तपमानाला. बोस-आइन्स्टाइन यांची मूळ कल्पना विरळ वायूत निखळ स्वरूपात दिसायला मात्र १९९५ साल उजाडले. बोल्डर येथे कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे सुमारे २००० अणू एका अंशाच्या कोट्यंशांत मोजाव्या अशा तपमानापर्यंत थंड केले आणि ते एकाच स्थितीत गोळा झालेले पाहिले. त्यांना आणि केटर्ले यांना २००१ चे नोबेल मिळाले. बोस १९७४ सालीच निवर्तले होते. नोबेल त्यांना मिळालेच नाही.

एक माघारही सांगायला हवी. २००४ साली पेनसिल्व्हेनियात किम आणि चान यांना दाबाखाली गोठवलेले हेलियमही अंशतः अडथळ्याविना सरकते असे वाटले. घनही आणि अतिप्रवाहीही! मोठा गाजावाजा झाला. २०१२ साली चान यांनीच उपकरणातील दोष काढून प्रयोग पुन्हा केला, परिणाम नाहीसा झाला, आणि तसे त्यांनी स्वतः छापून टाकले. हे वाचले त्या दिवशी मला १९८६ चा वर्ग आठवला, हे काही वेगळे सांगायला नको.

या सगळ्याचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. रुग्णालयातल्या एम. आर. आय. यंत्रात असते ते साधे द्रव हेलियम, ४·२ केल्व्हिनचे. पण जिनीव्हाजवळच्या सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रातील प्रचंड चुंबके १·९ केल्व्हिनला, अतिप्रवाही हेलियमने थंड ठेवली जातात. उष्णता झटकन वाहून नेण्याचा जो गुण बुडबुडे थांबवतो, तोच तिथे कामाला लावला आहे. आणि माणसाने काही न करताही ही अवस्था आकाशात असावी. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पोटातले न्यूट्रॉन जोड्या करून अतिप्रवाही झालेले असतात असे मानतात. वेला नावाच्या स्पंदकाचा परिभ्रमणवेग १९६९ साली एकाएकी किंचित वाढलेला दिसला, तसा तो पुढेही अनेकदा वाढला. बहुतेक शास्त्रज्ञांचे मत असे की ताऱ्याच्या आत अडकून पडलेले ते भोवरे एकदम सुटतात, त्याचा हा झटका. तिथले तपमान कोट्यवधी अंश असते. पण इतक्या दाट पदार्थाच्या हिशेबात ते थंडच.

तेव्हा अवस्था नेमक्या किती, हे आता मी फळ्यावर लिहिणार नाही. जमखंडीचा तो विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे : तुझे बरोबर होते. हेलियम गोठत नाही. २५ वातावरणांचा दाब दिला, तर मात्र गोठते.